धोका सापडल्यावर रिस्टार्ट: विचारून की न विचारता?

अक्षरजुळणी (फोंडा)
जत्रांचा मोसम सुरू झाला की आमच्या डीटीपीच्या दुकानात दिवसभर पेनड्राइव्ह येतात. कुणाची नाटकाची हँडबिलं, कुणाची देवस्थानची पत्रिका. त्यातून काहीबाही येतंच, आणि अँटिव्हायरस ते पकडतोही. पण ‘सफाई पूर्ण करण्यासाठी रिस्टार्ट करा’ असा संदेश आला की कामावरची पोरं ‘नंतर’ दाबून मोकळी होतात. माझं म्हणणं असं की ज्या दुकानात किंवा संस्थेत संगणकाचं बघणारा वेगळा माणूस नाही, तिथे हा ‘नंतर’ ठेवूच नये. पाच मिनिटं आधी सूचना द्यावी आणि मशीन आपोआप रिस्टार्ट व्हावं.

कारण साधं आहे. चालू असलेली फाइल विंडोज पुसू देत नाही. मग अँटिव्हायरस रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगं साठवण्याची जागा) नोंद करून ठेवतो आणि पुढच्या बूटच्या वेळी, बाकीचे प्रोग्राम सुरू व्हायच्या आत, ती फाइल काढली जाते. तोवर ती घाण मेमरीत जिवंत असू शकते. ‘रात्री शटडाउन करतोच की’ हे उत्तर पुरेसं नाही. विंडोज ८ पासून मशीन लवकर चालू व्हावं म्हणून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते. रिस्टार्ट दिला तरच सगळं नव्याने उभं राहतं.

क्विक स्कॅन मी रोज दुपारी दोनला लावलाय. त्या वेळी आपला बाजार झोपलेला असतो, मशीन मोकळंच. फुल स्कॅन रविवारी. विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस वापरणाऱ्यांनी एक तपासावं: फुल स्कॅनमध्ये पेनड्राइव्ह मुळात धरलेला नसतो, ते सेटिंग वेगळं चालू करावं लागतं.

रिसेप्शन (कळंगुट)
स्कॅनच्या वेळेचं पटलं. रिस्टार्टचं अजिबात नाही. तुमचं दुकान दुपारी बंद होतं, हॉटेलला शटर नसतं. मोपा विमानतळावर रात्रीचं विमान उतरलं की पाहुणे पहाटे तीनला दारात उभे. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची. त्यात नाइट ऑडिट (दिवसाचा हिशेब रात्री बंद करणं) चालू, बिलिंगचा डेटाबेस उघडा, आणि अशा वेळी मशीन स्वतःहून बंद पडलं तर सकाळी हिशेब कोण जुळवणार?

आणि अँटिव्हायरसही चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही सिस्टिमचीच फाइल व्हायरस ठरवली. जगभर मशीनं पुन्हापुन्हा रिस्टार्ट होत राहिली, नेटवर्क गेलं. अशा दिवशी न विचारता रिस्टार्ट होणारं मशीन तुम्हाला कुठे नेईल?

आधी केबल काढा, वाय-फाय बंद करा. कुठली फाइल, कुठल्या फोल्डरमध्ये सापडली ते वाचा. हातातलं बिल पुरं करा. मग माणसाने रिस्टार्ट द्यावा.

अक्षरजुळणी (फोंडा)
केबल काढल्याने बाहेर पसरणं थांबेल, पण रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणारा व्हायरस, त्याच मशीनवरच्या फाइली लॉक करत राहील. त्याला इंटरनेट लागतंच असं नाही. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आठवा: मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला दिली होती, हल्ला १२ मेला झाला. दोन महिने लोक ‘नंतर’ म्हणत राहिले.

रिसेप्शन (कळंगुट)
ती अपडेटची गोष्ट झाली, स्कॅननंतरच्या रिस्टार्टची नव्हे. दोन्ही एकाच पोत्यात घालू नका.

शाळामास्तर (डिचोली)
तुमच्या दोघांच्या वादात वीज आलीच नाही. जूनमध्ये आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन मशीन रिस्टार्ट करून विंडोजच्या बाहेरून चालतो, त्याला साधारण १५ मिनिटं लागतात. यूपीएस नसताना तो आपोआप सुरू झालेला मला चालणार नाही. शिवाय बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर मध्येच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. शाळेच्या शिपायाला ती कुठून ठाऊक असणार? ती आधी कागदावर लिहून कपाटात ठेवा.

अजून एक. सापडलेली फाइल थेट डिलीट करू नका, क्वारंटाइन करा, म्हणजे अँटिव्हायरसच्या बंद कप्प्यात ठेवा. निकालाच्या एक्सेल फाइलवर मॅक्रोमुळे (फाइलमधल्या आपोआप चालणाऱ्या सूचना) संशय घेतला जाऊ शकतो. क्वारंटाइनमधून ती परत आणता येते.

अक्षरजुळणी (फोंडा)
मास्तर, कीचं आणि क्वारंटाइनचं सोळा आणे मान्य. यूपीएसशिवाय ऑफलाइन स्कॅन मीही लावणार नाही. पण रिसेप्शनबाब, बिलिंगच्या मशीनवर आधी एक्सक्लूजनची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या गोष्टींची, यादी उघडून बघा. सॉफ्टवेअर बसवणारा इंजिनिअर ‘स्लो होतंय’ म्हणून पुष्कळदा अख्खा डी ड्राइव्ह वगळून जातो. मग त्या ड्राइव्हवर काही आलं तरी अँटिव्हायरस बोलणारच नाही, रिस्टार्टचा प्रश्न दूरच. वगळायचंच असेल तर फक्त डेटाबेसच्या फाइली वगळा.

रिसेप्शन (कळंगुट)
यादी बघतो, मुद्दा रास्त आहे. मुदत घालायलाही माझी ना नाही: संदेश आला त्या शिफ्टमध्येच रिस्टार्ट व्हायला हवा. पण बटण माणसाच्याच हातात.

अक्षरजुळणी (फोंडा)
कुठल्या माणसाच्या? शिफ्ट सोडणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या? ते नाव रजिस्टरात लिहिलेलं नसेल तर दोघंही ‘नंतर’च दाबतील.