डोळे आखायला बसलं की पुराचे विचार. मनावर खरंच ताबा मिळतो का?

शाडूमाती (शाहूपुरी)

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरच्या कुंभार गल्लीतले, पिढीजात गणपतीवाले. जुलै लागला की माझं डोकं कामातून जातंय. अंगाचा रंग पोरं मारतात, डोळ्यांची आखणी मात्र मीच करतो. ब्रश टेकवायचा आणि नेमका मोबाईल वाजतो, 'राधानगरी धरणाचे दोन दरवाजे उघडले'. झालं! पुढचं सगळं डोक्यात आपोआप सुरू. जयंती नाला फुगून गल्लीत पाणी, खालच्या फळीवरच्या मूर्तींचा चिखल, गिऱ्हाइकं इसार परत मागायला दारात. हात हलतो, बुबुळ सरकतं, मग पुसा आणि परत आखा.

२०१९ आणि २०२१ दोन्ही पूर याच घरात बघितलेत, त्यामुळं ही भीती हवेतली नव्हे. मेव्हण्यानं एका शिबिराला नेलं. तिथले सर म्हणाले, "विचार बदला, आयुष्य बदलेल. पाण्याचा विचार कराल तर पाणीच येईल. डोळे मिटून सगळ्या मूर्ती विकल्या गेल्यात असं बघा." मी रोज बघतोय. पुराचा विचार काय जाईना, वर आता 'मीच विचार करून पाणी ओढून आणतोय' ही नवी भीती बसलीय. बायको म्हणते, शिबिराच्या पैशात दोन पोती शाडू आली असती.

मनावर ताबा मिळवणं कुणाला जमलंय का? फक्त 'पॉझिटिव्ह रहा' म्हणू नका. त्याचा स्टिकर मेव्हण्यानं आमच्या आरशावर आधीच चिकटवलाय.

रंकाळ्याचा वारा

भावा, पहाटे उठून रंकाळ्याला राउंड मार, येताना गंगावेशीत धारोष्ण दूध पी. विचार कुठल्या कुठं पळतील. नाद खुळा!

शाडूमाती

सीझनला पहाटे आम्ही झोपायला जातो हो.

मनोविज्ञान ताई

दादा, आधी त्या नव्या भीतीचा निकाल लावूया. पंचगंगा चढते ती राधानगरी-गगनबावड्याकडच्या पावसानं. शाहूपुरीत कोण काय विचार करतंय याची नदीला काडीची खबर नसते. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, हे छातीठोक सांगते.

आता विचार घालवण्याबद्दल. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढं 'आता खुशाल करा' म्हटल्यावर, ज्यांनी आधी दाबून धरला होता त्यांच्याच डोक्यात अस्वल जास्त फिरलं. तुम्ही रोज डोळे मिटून पाणी हाकलताय, म्हणून ते जास्त येतंय. येऊ दे. विचार येणं तुमच्या हातात नाही, पण आलेल्या विचाराची उलटतपासणी करणं नक्की आहे.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली एक पद्धत आहे, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, की घटना वेगळी आणि घटनेबद्दल आपण मनात धरलेली समजूत वेगळी, आणि जीव जास्त पोखरते ती समजूत. दरवाजे उघडले ही घटना. त्यावर तुम्ही मनात काय म्हणता? माझा अंदाज असा, 'यंदा पाणी येताच कामा नये, आलं तर मी संपलो.' हा 'येताच कामा नये' म्हणजे नदीला हुकूम झाला. त्या जागी हे म्हणून बघा, 'येऊ नये असं फार वाटतं. आलं तर मोठं नुकसान आहे. पण दोनदा आलं आणि दोन्ही वेळा आपण परत माती मळली.' यात गोडगोड काही नाही, फक्त खरं आहे. काळजी राहीलच, ती हवीही. घाबरगुंडी उतरेल.

आणि डोळे मिटून बघायचंच असेल तर विकलेल्या मूर्ती बघू नका. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात एक प्रयोग छापून आला. परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांनी रोज चांगले मार्क पडल्याचं चित्र बघितलं, काहींनी स्वतः अभ्यासाला बसल्याचं. अभ्यास जास्त केला तो दुसऱ्यांनी, आणि मार्कही त्यांनाच बरे पडले. तुम्ही मूर्ती हलवतानाचं बघा. कुठली आधी, कोण धरणार, जिन्यात कशी वळवणार.

झोप, जेवण उडून आठवडे गेले तर मात्र १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस, सरकारी सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलता येतं.

लेथवाले काका

ताईंचं पटलं. पण पाव्हणं, तुमचं निम्मं दुखणं मोबाईलमध्ये हाय. ते ग्रुप बंद करा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळ-संध्याकाळ पोराला बघायला सांगा, तुम्ही बघू नका.

तिथं ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आकडा ठरलेला असताना मनानं तासातासाला पंचनामा कशाला करायचा? कागदावर लिहून भिंतीला लावा. ३५ झालं की टेम्पोवाल्याला फोन. ३७ ला शाडूच्या मूर्ती बाहेर, त्या आधी, कारण प्लॅस्टरची एखादी वाचते, शाडू विरघळते. ३९ ची वाट बघायची नाही, तुमच्यात नाल्याचं पाणी उलटं येतंय. आकडा खाली असताना विचार आला, तर त्याला भिंतीवरचा कागद दाखवा आणि आखणी चालू ठेवा.

विचारानं आयुष्य घडतंय म्हणणाऱ्या त्या सरांना एकदा मूर्ती उचलायला बोलवा, सत्तावीस इंची!

शाडूमाती

ताई, 'येताच कामा नये' हे मी अगदी असंच म्हणतो मनात, आईच्यान. तुम्हाला कसं कळलं?

काल मोबाईल बायकोच्या ताब्यात दिला. विचार आला तेव्हा पळवून लावला नाही. 'आलास? बस त्या पोत्यावर' म्हटलं आणि ब्रश उचलला. पहिला डोळा बिघडलाच, पुढचे बरे झाले. विचार पोत्यावर बसूनच होता, पण हात माझा होता.

काका, कागद लावलाय. अडचण एकच, हलवायचं कुठं? आमच्यात पोटमाळा नाही, आणि ओळखीच्या हॉलवाल्यानं पावसाळी भाडं दुप्पट सांगितलंय.

लेथवाले काका

गोकुळ शिरगावला आमची शेड हाय, मागची बाजू रिकामी. पाण्याचा तिथं प्रश्न नाही. वेल्डिंगपासून लांब ठेवायला लागेल आणि ताडपत्री तुमची. भाडं नको, पण आता ३७ ची वाट नाही, ३५ लाच निघायचं. पाणी रस्त्यावर आलं की टेम्पोवाले फोन उचलत नाहीत. मेसेज करा.

रंकाळ्याचा वारा

उचलायला आमच्या तालमीतली पोरं आणतो. दुधाचं मात्र बघा.