मदत हवी आहे: हिवाळ्यात उत्तरेला जाणारा ड्रिफ्टर मधेच उलटा का फिरला?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये पार अडकलेय, समुद्रातलं कळणारं कोणी असेल तर प्लीज बघा.

विषय आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे, तेही वाऱ्याच्या विरुद्ध, आणि मला हे ड्रिफ्टरच्या मार्गांवरून दाखवायचंय. ग्लोबल ड्रिफ्टर प्रोग्रामचा सहा-सहा तासांचा डेटा उतरवलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ड्रिफ्टर म्हणजे वर तरंगणारा गोळा आणि त्याला दोरीने बांधलेली भोकाभोकांची लांब कापडी नळी, तिला ड्रोग म्हणतात, तिचा मध्य १५ मीटर खोल असतो म्हणून गोळा तिथल्या पाण्याबरोबर जातो आणि सॅटेलाइटवरून आपली जागा कळवत राहतो.

तर गोव्यासमोरचा एक ड्रिफ्टर डिसेंबरात दिवसाला ८-१० किमी उत्तरेला छान चालला होता, जानेवारीत एकदम रेंगाळायला लागला आणि काही दिवस तर सरळ दक्षिणेला गेला. मधेमधे गोल गिरक्या पण आहेत. अशा सगळ्यांची सरासरी काढली की प्रवाह जवळपास शून्यच येतो!! माझं गाव देवगडकडचं, घरची होडी आहे, इंजिन बंद पडलं तर होडी कुठे वाहत जाईल हे कळावं म्हणून मी हा विषय घेतला, त्यामुळे नुसतं आकडे जुळवून द्यायचे नाहीयेत मला.

प्रतिसाद १
आधी ड्रोग तुटल्याची तारीख बघ. डेटामध्ये प्रत्येक ड्रिफ्टरची वेगळी दिलेली असते, बरेच जण ती बघतच नाहीत. ड्रोग असताना १० मीटर/सेकंद वाऱ्यात गोळा पाण्यापेक्षा जेमतेम १ सेंमी/सेकंद घसरतो, पण ड्रोग गेला की वाऱ्याच्या साधारण १ ते १.५ टक्के वेगाने ओढला जातो. हिवाळ्यात तिथे वारा उत्तर-वायव्येकडून, समज ६ मीटर/सेकंद असला तर ६ ते ९ सेंमी/सेकंद दक्षिणेकडची ओढ, आणि तुझे दिवसाला ८-१० किमी म्हणजे १० सेंमी/सेकंदच्या आसपास. म्हणजे खालचं पाणी उत्तरेलाच जात असणार, गोळ्याला तेवढं वाऱ्याने अडवलं. जुने ड्रिफ्टर असतील तर तारखा सुधारलेल्या डेटातूनच घे, कारण ड्रोग आहे असं समजून वापरलेले बरेच ड्रिफ्टर प्रत्यक्षात ड्रोग नसलेले निघाले आणि त्यामुळे प्रवाह वर्षागणिक बदलतायत असा खोटा कल दिसत होता, २०११ मध्ये यावर पेपर आला.

प्रतिसाद २
गिरक्यांबद्दल: एका गिरकीला किती तास लागतात ते मोज. १५ अंश उत्तरेला ४६ तासांच्या आसपास येत असतील तर ती पृथ्वीच्या फिरण्यामुळे होणारी जडत्वाची आंदोलनं, वारा अचानक बदलला की सुरू होतात. नुसत्या दिशेवरून ठरवू नकोस, ही पण घड्याळाच्या दिशेने आणि लक्षद्वीपजवळचा हिवाळी भोवरा पण घड्याळाच्याच दिशेने. फरक आकारात आहे, तो भोवरा शेकडो किमीचा, ही गिरकी काही किमीची. दोन-तीन दिवसांची सरकती सरासरी घेतलीस की निघून जातील.

धागाकर्ती
बघितली तारीख, १ जानेवारी! आणि गिरक्या ४४ ते ४८ तासांच्या. खूप खूप आभार दोघांचे, तीन आठवडे डोकं फोडत होते. मग १ जानेवारीनंतरचा डेटा टाकूनच देऊ का?

प्रतिसाद १
प्रवाहाच्या सरासरीतून काढ, पण टाकू नकोस. ईआरए५ (जगभरच्या हवामानाचा तासातासाचा तयार डेटा) चा वारा घेऊन ओढ वजा करून बघता येते, आणि तुझ्या होडीच्या प्रश्नाला तर हाच भाग जास्त जवळचा आहे. इंजिन बंद पडलेल्या होडीला खाली ड्रोग कुठे असतो? तिला वारा या गोळ्यापेक्षाही जास्त लागतो. दोन्ही वेगवेगळे मांड, पाणी कुठे जातं आणि पाण्यावरची वस्तू कुठे जाते. पहिला नकाशा झाला की इथे टाक, बघतो.