रूथ ब्राउन यांची कारकीर्द मध्येच का खंडित झाली, आणि रॉयल्टीचा वाद नेमका काय होता?

प्रश्न: श्रवणवेडा

१९५० च्या दशकातील ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ठेकेदार लोकप्रिय संगीत, मी सध्या क्रमाने ऐकत आहे. रे चार्ल्स आणि सॅम कुक यांच्याविषयी वाचायला भरपूर मिळते. रूथ ब्राउन यांच्याविषयी मात्र दोनच वाक्ये सगळीकडे आढळतात. पहिले असे की त्यांच्या गाण्यांनी अटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी उभी राहिली, म्हणून तिला ‘रूथने बांधलेले घर’ म्हटले जाई. दुसरे असे की १९६० च्या दशकात त्यांना शाळेची बस चालवावी लागली आणि लोकांच्या घरी कामे करावी लागली. ही दोन्ही वाक्ये एकाच आयुष्याविषयी खरी कशी असू शकतात, हे मला कळत नाही. ज्या गायिकेची पाच गाणी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, तिच्या हाती दहा वर्षांनी काहीच कसे उरले नाही? कंपनीने त्यांना सरळ फसवले, की त्या काळचा व्यवहारच तसा होता? आणि त्यांचे गाणे नीट समजून घ्यायचे असेल, तर कोठून सुरुवात करावी?

उत्तर १: जुनी तबकडी

आपल्या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीच्या दिवसांत दडलेले आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

रूथ वेस्टन यांचा जन्म १२ जानेवारी १९२८ रोजी व्हर्जिनियातील पोर्ट्समथ येथे झाला. सात भावंडांत त्या थोरल्या. वडील गोदीत काम करत आणि चर्चमधील गायकवृंद सांभाळत. मुलीने चर्चबाहेरची गाणी गाणे त्यांना मुळीच मान्य नव्हते, त्यामुळे किशोरवयातच रूथ घरी न सांगता न्यूयॉर्कला गेल्या आणि हार्लेममधील अपोलो थिएटरची हौशी गायकांची स्पर्धा जिंकून आल्या. १९४५ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, जिमी ब्राउन नावाच्या ट्रम्पेटवादकासोबत त्यांनी घर सोडले आणि पुढे त्याचेच आडनाव त्यांना कायमचे चिकटले. लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदात त्यांना जागा मिळाली, पण महिनाभरातच वॉशिंग्टनमध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. हातात पैसे नाहीत, परतीचे भाडे नाही, अशा अवस्थेत त्या अडकल्या असताना ब्लँच कॅलोवे यांनी आपण चालवत असलेल्या क्लबमध्ये त्यांना गायला लावले. या ब्लँच म्हणजे प्रसिद्ध जॅझ गायक आणि वाद्यवृंदप्रमुख कॅब कॅलोवे यांच्या भगिनी. पुरुष वादकांच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या, आणि माझ्या मते रूथ ब्राउन यांच्या आयुष्यात त्यांचे स्थान अटलांटिकचे संस्थापक एर्टेगन यांच्याइतकेच मोठे आहे, जरी त्यांचे नाव फारसे घेतले जात नसले तरी.

त्या क्लबमध्ये रेडिओ निवेदक विलिस कोनोव्हर यांनी त्यांना ऐकले आणि अहमेत एर्टेगन व हर्ब एब्रमसन यांना कळवले. तुर्की राजदूताचे चिरंजीव असलेल्या एर्टेगन यांनी एब्रमसन यांच्यासह १९४७ मध्येच अटलांटिक सुरू केली होती आणि तिला अजून नाव मिळायचे होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये कंपनीला भेटण्यासाठी आणि अपोलोच्या रंगमंचावर गाण्यासाठी रूथ ब्राउन न्यूयॉर्कला निघाल्या असताना पेनसिल्व्हेनियातील चेस्टरजवळ त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. पायांना इतकी गंभीर इजा झाली की त्यांना अनेक महिने रुग्णालयात काढावे लागले आणि त्या दुखण्याने आयुष्यभर पाठ सोडली नाही. अटलांटिकशी त्यांचा करार झाला तो या खाटेवरच. त्यांच्या एकविसाव्या वाढदिवशी एर्टेगन त्यांना भेटायला आले, ते स्वरलिपी वाचायला शिकवणारे पुस्तक भेट म्हणून घेऊन. १९४९ मध्ये कुबड्यांच्या आधाराने त्या स्टुडिओत उभ्या राहिल्या आणि ‘सो लाँग’ हे संथ गीत त्यांनी गायले. तीच त्यांची पहिली यशस्वी ध्वनिमुद्रिका.

एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की ज्या करारावर पुढे वाद झाला, तो एका जायबंदी, निर्धन, जेमतेम विशीतल्या मुलीने केलेला करार होता. त्या वेळी ती मंडळी तिच्याशी आपुलकीने वागली, यात मला शंका नाही. मात्र आपुलकी आणि हिशेब या दोन वेगळ्या वह्या असतात, हे तिला पुढे फार उशिरा कळले.

उत्तर २: मध्यलय

‘जुनी तबकडी’ यांनी सुरुवात उत्तम सांगितली आहे. मी फक्त गाण्याविषयी लिहिते, कारण पैशाच्या चर्चेत तेच मागे पडते.

रूथ ब्राउन यांना स्वतःला संथ, भावपूर्ण गीतेच प्रिय होती. सेरा व्हॉन, बिली हॉलिडे, डायना वॉशिंग्टन हे त्यांचे आदर्श. ‘सो लाँग’ हे गीतही आधी लिटल मिस कॉर्नशक्स या गायिका गात असत आणि एर्टेगन वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या गायनावर लुब्ध झाले होते. म्हणजे कंपनीला जो आवाज हवा होता, तो आरंभी काहीसा दुसऱ्याच्या छायेतला होता. १९५० मध्ये रूडी टूम्ब्स यांच्या ‘टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ या द्रुत लयीच्या गीताने हे सारे बदलले. हे गीत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि ‘मिस ऱ्हिदम’ हे बिरुद त्यांना मिळाले. त्याच टूम्ब्स यांचे ‘फाइव्ह टेन फिफ्टीन अवर्स’ १९५२ मध्ये, इतरांनी रचलेले ‘ममा, ही ट्रीट्स युवर डॉटर मीन’ १९५३ मध्ये, तर ‘ओह व्हॉट अ ड्रीम’ आणि ‘मॅम्बो बेबी’ १९५४ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

आता आवाज. ओळीच्या शेवटी, एखाद्या शब्दाच्या अखेरच्या स्वरावर, त्यांचा आवाज क्षणभर वर उडी घेतो आणि किंचित चिरकतो. गाता गाता हुंदका आणि किंकाळी यांच्या मधोमध काहीतरी निसटून जावे, तसे ते ऐकू येते. शास्त्रशुद्ध गायनात याला दोष म्हटले गेले असते. येथे मात्र हाच दोष ठेक्याशी इतका अचूक जुळतो की तो जणू एक तालवाद्यच होतो. रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड यांनी आपल्या गायनातील तारस्वरातील किंकाळीचे श्रेय रूथ ब्राउन यांना दिले होते, आणि रॉक अँड रोलमध्ये ती किंकाळी किती दूरवर गेली हे सर्वांना माहीत आहे. त्यांना केवळ ‘यशस्वी गायिका’ म्हणून थांबणे मला म्हणूनच अपुरे वाटते. गोऱ्या तरुणांनी ज्या संगीताला पुढे आपले म्हटले, त्याच्या आवाजाची घडण ज्या गळ्यांतून झाली, त्यांपैकी हा एक आहे.

तरीही त्या काळच्या अमेरिकेत रूथ ब्राउन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय गायकांची गाणी वेगळ्या यादीत मोजली जात. १९४९ पर्यंत तर ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकात त्या यादीचे नावच ‘रेस रेकॉर्ड्स’ असे होते. जेरी वेक्सलर यांच्या सूचनेवरून ते ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ झाले, आणि हेच वेक्सलर १९५३ मध्ये अटलांटिकमध्ये भागीदार म्हणून आले. नाव बदलले, तरी भिंत राहिली. ‘ओह व्हॉट अ ड्रीम’ लगेच पॅटी पेज यांनी आणि ‘मॅम्बो बेबी’ जॉर्जिया गिब्ज यांनी गायले. या दोघी गोऱ्या गायिका असल्याने त्यांच्या आवृत्त्या ज्या रेडिओ केंद्रांवर आणि ज्या दुकानांत सहज पोहोचल्या, तेथे मूळ ध्वनिमुद्रिकेला वाट नव्हती. दक्षिणेकडील राज्यांच्या दौऱ्यांत हॉटेलची दारे बंद असत आणि काही सभागृहांत काळ्या-गोऱ्या श्रोत्यांच्या मध्ये दोर बांधलेला असे. गाणे मात्र दोन्ही बाजूंना एकच ऐकू जाई.

उत्तर ३: हिशेबनीस

‘कंपनीने फसवले का?’ या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे देता येत नाही, म्हणून व्यवहार समजून घेऊ.

गायकाला ध्वनिमुद्रणाच्या वेळी जी रक्कम मिळे, ती मानधन नसून रॉयल्टीवरची, म्हणजे विक्रीतील गायकाच्या हिश्शावरची, उचल असे. शिवाय स्टुडिओचे भाडे, वादकांचे पैसे आणि ध्वनिमुद्रणाचे इतर खर्चही गायकाच्याच नावे मांडले जात. तबकडी विकली गेली की गायकाचा अल्प टक्का आधी ही सारी बाकी फेडण्यात जाई, आणि बाकी फिटण्यापूर्वीच पुढचे ध्वनिमुद्रण झाले की नवा खर्च त्याच खात्यावर चढे. कंपनीचा वाटा मात्र पहिल्या तबकडीपासून सुरू होई. त्यामुळे लोकप्रिय गायिकाही कागदोपत्री कंपनीची देणेकरी राहू शके, आणि रूथ ब्राउन यांच्या बाबतीत नेमके तेच झाले. त्यांची खरी कमाई प्रत्यक्ष कार्यक्रमांतून होती, आणि कार्यक्रम थांबले की ती थांबली.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे. गाणे रेडिओवर वाजले की अमेरिकेत पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. ज्याने ते गायले, त्याला साध्या रेडिओवरील प्रसारणासाठी काहीच मिळत नाही. रूथ ब्राउन यांची गाजलेली गाणी इतरांनी रचलेली होती, म्हणून ती हजारदा वाजली तरी त्यांना त्यातून एक डॉलरही मिळण्याचा मार्ग नव्हता. दुसऱ्या गायिकेने त्याच गीताची आवृत्ती काढली, तर ठरलेले शुल्क पुन्हा रचनाकारालाच. मूळ गायिकेची शैली, ठेका, स्वरांची फिरत यांवर कोणाचाच हक्क नाही. शिवाय अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने ध्वनिमुद्रणाला कॉपीराइट दिला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या ध्वनिमुद्रणांना. त्यांचे सारे गाजलेले काम त्याआधीचे.

१९६१ मध्ये त्यांनी अटलांटिक सोडली. तोवर रुची बदलली होती आणि कंपनीचे लक्ष नव्या गायकांकडे वळले होते. दोन मुलांना वाढवण्यासाठी त्यांनी लाँग आयलंडवर मिळेल ते काम केले, त्यात बस चालवणेही आले. ते काम कमी प्रतीचे होते असे मी म्हणणार नाही. मला खुपते ते हे, की त्याच वर्षांत त्यांचा आवाज विकला जात होता आणि तरीही त्यांचे खाते ‘देणे बाकी’ दाखवत होते.

श्रवणवेडा

तिघांचेही मनापासून आभार. आता पहिली दोन वाक्ये एकत्र कशी बसतात ते कळले. परंतु हे खाते पुढे कधी उघडले गेले का? आणि त्या रंगमंचावर परतल्या कशा?

उत्तर ४: जुनी तबकडी

दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच काळात घडल्या.

१९७० च्या दशकाच्या मध्यात विनोदी अभिनेते रेड फॉक्स यांनी त्यांना लॉस एंजेलिसला बोलावून घेतले. नागरी हक्क चळवळीवरील एका संगीतिकेत त्यांनी चर्चमधील भक्तिगीतांच्या विख्यात गायिका महेलिया जॅक्सन यांची भूमिका केली. पुढे दूरचित्रवाणी आणि १९८८ मधील ‘हेअरस्प्रे’ हा चित्रपट आला, आणि १९८९ मध्ये ब्रॉडवेवरील ‘ब्लॅक अँड ब्लू’ या संगीतिकेसाठी त्यांना टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास आलेल्या ‘ब्लूज ऑन ब्रॉडवे’ या अल्बमसाठी ग्रॅमीही मिळाले. साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा एवढा सन्मान व्हावा, हे आनंदाचे आहे आणि तितकेच क्लेशकारकही.

हॉवेल बेगल हे वॉशिंग्टनमधील वकील लहानपणापासून त्यांचे चाहते होते. रूथ ब्राउन यांना आपल्या जुन्या तबकड्यांची रॉयल्टी मिळतच नाही, हे कळल्यावर बेगल यांनी प्रकरण हाती घेतले आणि अनेक वर्षे चिकाटीने चालवले. ते रूथ ब्राउन यांच्यापुरते ठेवले नाही, त्यांच्या पिढीतील इतर कलावंतांचीही बाजू मांडली. रूथ ब्राउन यांनी स्वतः अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली. अखेर १९८८ मध्ये अटलांटिकने जुनी बाकी माफ केली, मागील वीस वर्षांची रॉयल्टी नव्याने मोजून देण्याचे मान्य केले आणि सुमारे २० लाख डॉलर देऊन ‘ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ ही संस्था उभी करण्यास साहाय्य केले. वृद्ध, आजारी, विस्मृतीत गेलेल्या कलावंतांना मदत करणे हे तिचे काम. मला त्यांच्या साऱ्या पुरस्कारांहून ही संस्था मोठी वाटते, कारण ती उभी राहिली ती एका गायिकेने आपल्या खात्याचा जाब विचारल्यामुळे.

१९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १७ नोव्हेंबर २००६ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, नेव्हाडात त्यांचे निधन झाले.

उत्तर ५: मध्यलय

ऐकण्याविषयीचा आपला प्रश्न राहून गेला होता. ‘सो लाँग’ आणि ‘टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ ही दोन गाणी लागोपाठ ऐका, म्हणजे दीड वर्षात एक गायिका कशी स्वतःची झाली ते कानांनाच कळेल. त्यानंतर ‘ममा’ ऐका आणि त्यातील टॅम्बरिन या खंजिरीसारख्या वाद्याकडे लक्ष ठेवा, कारण त्या गाण्याची अर्धी ऊर्जा त्या खुळखुळाटात आहे. त्यांना स्वतःला प्रिय असलेली संथ गीते १९५९ च्या ‘लेट डेट विथ रूथ ब्राउन’ या अल्बममध्ये मोठ्या वाद्यवृंदासह आहेत. तो फारसा ऐकला जात नाही, याचे मला वाईट वाटते. शेवटी ‘ब्लूज ऑन ब्रॉडवे’ ऐका. आवाज जड झाला आहे, खाली उतरला आहे, शब्द आता त्या घाई न करता, बोलल्यासारखे टाकतात. आणि मध्येच एखाद्या ओळीच्या टोकाला तीच जुनी चिरक उमटते, चाळीस वर्षांनंतरही ठेक्यावर अचूक.