वाचनालयाच्या साईटला व्हीपीएस पुरे की अख्खं मशीन घ्यावं?

बोरू:
तालुक्याच्या गावातल्या आमच्या वाचनालयाची साईट ड्रुपलवर (साईट चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. जुन्या दिवाळी अंकांची सूची, लेखकवार शोध, थोडी स्कॅन केलेली पानं. सध्या २ कोअर, ४ जीबी रॅमचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा भाड्याने घेतलेला व्हर्च्युअल तुकडा. एरवी वाचक बेताचेच, पण वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत शोध टाकला की पान यायला दहा-दहा सेकंद. समितीतले एक काका म्हणतात, भाड्याच्या खोलीत किती दिवस काढायचे, अख्खं मशीन घ्या. मलाही पटू लागलंय.

पोलादी:
काकांना नमस्कार सांगा. व्हीपीएस म्हणजे चाळीतला सामायिक नळ. शेजारणीने हंडा लावला की तुमची धार बारीक. सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर होस्टवाले तेच कोअर अनेकांना विकतात. आणि तुमचे शेजारी कोण, तर बहुतेक दुकानं. त्यांची गर्दीही दिवाळीतच! डेटा सेंटरमधलं एक साधं मशीन घ्या, ३२ जीबी रॅम, दोन डिस्क रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा). पाच वर्षं बघायला नको.

सातवा_मजला:
‘बघायला नको’ वाचून हसलो. डिस्क बदलून मिळेल हो, पण ती गेली हे आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं ना? मी एका संस्थेचं असं मशीन सांभाळायचो. रेडमधली एक डिस्क मेल्याचं आम्हाला कळलं ते दुसरी कुरकुरायला लागल्यावर. सूचनेचे मेल येत होते, ज्या पत्त्यावर येत होते तो कुणी उघडत नव्हता.

व्हीपीएसवर अपडेटच्या आधी स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) घेतो, बिनसलं तर काही मिनिटांत मागे. ऑक्टोबर २०१४ मधलं ड्रुपल ७ चं एसक्यूएल इंजेक्शन (थेट डेटाबेसमध्ये घुसू देणारं भगदाड) आठवतंय? घोषणेनंतर ७ तासांत पॅच मारला नसेल तर साईट फुटली असंच धरून चाला, असं ड्रुपलच्याच सिक्युरिटी टीमने सांगितलं होतं. तेव्हा जुनी प्रत वेगळ्या सर्व्हरवर उभी करून तपासायची होती. व्हर्च्युअल होता म्हणून तो लगेच मिळाला.

पोलादी:
मग मशीनवर प्रॉक्समॉक्स टाका (एका मशीनवर व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारा हायपरव्हायजर). स्नॅपशॉटही मिळतील आणि शेजारीही नाहीत.

सातवा_मजला:
म्हणजे वाचनालयाच्या समितीने आता हायपरव्हायजरही सांभाळायचा. पुस्तकांना कव्हरं कोण घालणार?

दुपारचा_चहा:
भांडा तुम्ही, पण धार खरंच कमी आहे का हे कुणी मोजलंय? साईटवर भार असताना सर्व्हरवर टॉप ही कमांड चालवा आणि ‘एसटी’चा आकडा बघा (लालपरी नव्हे, स्टील टाइम, शेजाऱ्यांनी पळवलेला प्रोसेसरचा वेळ). तो सतत १० टक्क्यांच्या वर असेल तर पोलादींचं खरं, शेजारी नडतोय. शून्याजवळ असेल आणि ‘डब्ल्यूए’ फुगला असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसलाय. मग डेटाबेसचा बफर पूल (डेटा हाताशी ठेवायला राखलेली रॅम) तपासा. मायएसक्यूएलमध्ये हात लावला नाही तर तो १२८ एमबीच असतो.

बोरू:
आज रात्री मुलाला आणि भाच्याला बसवून एकदम शोध मारायला लावले. एसटी ०.२, डब्ल्यूए ४० च्या पुढे. बफर पूल १२८, आणि डेटाबेस सव्वा जीबीचा! पूल दीड जीबी केला. आता तेच शोध सेकंदाच्या आत येतात. काकांना काय सांगू?

पोलादी:
आकड्यापुढे बोलत नाही. पण स्कॅन वाढले की हाच धागा वर काढा. व्हीपीएसवर डिस्क वाढवत गेलात की भाडं कुठे जातं ते बघा.

दुपारचा_चहा:
बोरू, बॅकअप कुठे ठेवता? मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा दोन्ही प्रकारचे सर्व्हर सारखेच जळाले.

बोरू:
त्याच व्हीपीएसवर. रोज रात्री २ वाजता, अगदी न चुकता.