'रिडल' म्हणजे कोडे की उखाणा? 'पन' म्हणजे श्लेष की कोटी?

'रिडल' या इंग्रजी शब्दाला मराठीत 'कोडे' म्हणावे की 'उखाणा', हे ठरवण्यापूर्वी त्या शब्दाचे मूळ पाहणे उपयोगाचे ठरते. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'रॅडेल्स' असे होते. सल्ला देणे, उलगडून सांगणे अशा अर्थाच्या 'रॅडन' या क्रियापदापासून ते बनले होते आणि वाचणे या अर्थाचे आजचे 'रीड' हे क्रियापदही तेथूनच आले आहे. 'रॅडेल्स'मधला शेवटचा 'स' शब्दाचाच भाग होता. पुढे बोलणाऱ्यांनी तो अनेकवचनाचा प्रत्यय समजून गाळला. जर्मनमधील 'रेट्सेल' या भावंडात त्याचा माग अजून दिसतो.

वाचणे आणि उलगडणे यांचे हे नाते इंग्लंडमधील एक्सेटर येथील कॅथीड्रलमध्ये जपलेल्या १०व्या शतकातील हस्तलिखितात फार सुंदर रीतीने प्रकटते. बिशप लिओफ्रिक यांनी दिलेल्या या ग्रंथात नव्वदहून अधिक पद्य कोडी आहेत. त्यांपैकी एकात एक पतंग (पाखरू) माणसाचे शब्द खातो आणि इतके शब्द गिळूनही तो चोर पाहुणा तिळमात्र शहाणा होत नाही. उत्तर अर्थातच ग्रंथ कुरतडणारी कसर. येथे शब्दांची कसरत नाही. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या रूपात दाखवली आहे. 'सुपभर लाह्या, त्यात एक रुपया' असे म्हणून चांदण्या आणि चंद्र ओळखायला लावणारे आपले कोडे याच जातीचे आहे. जुन्या वापरात अशा रचनेला उखाणाही म्हणत. परंतु आज 'उखाणा' म्हटले की नाव घेणेच डोळ्यांपुढे येते. म्हणून 'रिडल'साठी 'कोडे' हाच शब्द निःसंदिग्ध आहे, असे माझे मत आहे. गोव्यातील 'हुमाण' हा शब्दही मला फार आवडतो, पण तो सर्व मराठी वाचकांना कळेलच असे नाही.

'पन' म्हणजे एका शब्दाच्या किंवा उच्चाराच्या दोन अर्थांवर केलेला खेळ. त्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 'काळे, पांढरे आणि सगळीकडे रेड असे काय?' या प्रसिद्ध इंग्रजी कोड्याचे उत्तर वर्तमानपत्र हे आहे, कारण तांबडा या अर्थाचा 'रेड' आणि वाचलेला या अर्थाचा 'रेड' यांचा उच्चार एकच आहे, परंतु स्पेलिंग निराळे आहे. त्यामुळे हे कोडे कानावर पडले तरच फसवते. कागदावर लिहिताना कोणते तरी एक स्पेलिंग निवडावे लागते आणि गुपित तेथेच अर्धे फुटते.

बोलता बोलता साधलेल्या अशा चमत्कृतीला मराठीत 'कोटी' म्हणतात, तर काव्यशास्त्रातील अलंकाराला 'श्लेष'. 'पन'साठी मी 'कोटी' हा शब्द निवडेन. मात्र विश्लेषणासाठी काव्यशास्त्राचे भेद फारच कामाला येतात. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर तो अभंग श्लेष. तोडून निघाले तर सभंग, जसे 'नवरी' आणि 'न वरी'. दार ठोठावण्याच्या इंग्रजी विनोदात 'लेटस' ही भाजी 'लेट अस इन', म्हणजे आम्हाला आत घ्या, अशी फुटते. तिला सभंग श्लेष याहून नेमके नाव सापडणार नाही.

मराठीत लेखन बहुधा उच्चाराला धरून चालते, तरी 'दिन' आणि 'दीन' बोलताना अनेकांच्या तोंडी सारखेच होतात. उलट बाजूने, थोडे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा' हे लिहिताना एक आहेत, पण पहिल्यातला 'ज' दंत्य ('जाळे'मधल्यासारखा) आणि दुसऱ्यातला तालव्य ('जीवन'मधल्यासारखा) असतो. त्यामुळे 'जरा आली' यावर केलेली कोटी कागदावर शाबूत राहते आणि मोठ्याने वाचताच उघडी पडते.