इजिप्त ट्रिप : मे की दिवाळी? (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

संदीप, ए ३०२ : नमस्कार मंडळी, काल पार्किंगमध्ये विषय निघालेला तो इथंच टाकतोय. आमच्यासकट चार घरं इजिप्तला जायचं म्हणतोय, सगळ्यांचीच पहिली परदेश ट्रिप. मे मध्ये पोरांना सुट्टी असते आणि पॅकेज पण स्वस्त बसतंय, पाच दिवस, कैरो आणि अलेक्झांड्रिया. माधुरीताई तुम्ही जाऊन आलाय, सांगा की.

माधुरीताई, बी १०४ : मे मध्ये अजिबात नको संदीप. त्या दिवसांत स्वस्त मिळतं ते उन्हामुळंच. कैरोत एकवेळ निभेल पण खाली लक्सर-अस्वानला पारा चाळीसच्या आसपास नाहीतर वरच असतो, आणि तिथली देवळं म्हणजे उघडा दगड, झाड नाही की आडोसा नाही. पोरं तासाभरात कंटाळणार आणि काका-काकू बसमधून उतरणारच नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा, दिवाळीच्या सुट्टीत बसवा.

संदीप, ए ३०२ : पण आम्ही लक्सरला जातच नाहीये ना, पिरॅमिड बघितले की झालं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

माधुरीताई, बी १०४ : तेच तर सांगायचंय. पिरॅमिड बघाच, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं काम, एका खुफू राजाच्या पिरॅमिडला अंदाजे २३ लाख दगड लागलेत, जवळ गेल्यावर एकेक दगड छातीला लागतो तेव्हा कळतं काय आहे ते. पण एवढा खर्च करून तिथनंच परत येऊ नका हो. लक्सरला कर्नाकच्या देवळात एका मंडपात १३४ खांब आहेत, मधल्या खांबांकडं बघताना मान मागं टाकावी लागते आणि वर सावलीतल्या भागात अजून रंग टिकलाय. नदीच्या पलीकडं व्हॅली ऑफ द किंग्ज, तिथं साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, मी तर म्हणते जास्तीचे पैसे भरून सहाव्या रामेसेसचं पण बघाच, छतभर आकाशाची देवी नूत काढलीय, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. मी तिथनं हलायलाच तयार नव्हते. अलेक्झांड्रिया यावेळी राहू द्या, ते दिवस लक्सर आणि अस्वानला द्या, मधे तीन-चार रात्रींची नाईलवरची बोट असते तीच घ्या, सामान रोज बांधायला नको.

जोशी काकू, ए १०१ : माधुरी, आमच्या जेवणाचं काय गं? अंडंसुद्धा चालत नाही आम्हाला.

माधुरीताई, बी १०४ : काकू काही अडत नाही. कोशरी म्हणून मिळते गल्लोगल्ली, भात, मसूर, मॅक्रोनी, छोले, वरनं टोमॅटोची आंबट-तिखट चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. सकाळी फूल, म्हणजे बाकल्याच्या बियांची उसळच, आणि गरम रोटी. फक्त अंडं-मटण नको हे आधीच सांगायचं आणि पाणी बाटलीचंच प्यायचं. भडंग, मेतकूट न्या बरोबर, बोटीवर चार वाजता लागतंच.

कुलकर्णी काका, बी २०३ : माझे गुडघे असे. पिरॅमिडच्या आत जाता येते म्हणतात, जमेल काय?

माधुरीताई, बी १०४ : काका आत नका जाऊ. वाट अरुंद, चढ, काही ठिकाणी कंबरेतून वाकून चालावं लागतं आणि आत कोंदट उकाडा. वर पोचल्यावर खोलीत नुसती दगडी पेटी. त्यापेक्षा ते पैसे नवीन म्युझियमला वापरा, ग्रँड इजिप्शियन म्युझियम, नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर उघडलं, तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू तिथं एकत्र मांडल्यात, आत एसी आहे, बसायला जागा आहे.

प्रथमेश, ए ४०४ : मला अबू सिंबेल बघायचंय. धरणात बुडणार म्हणून १९६४ ते ६८ मध्ये अख्खं देऊळ कापून वर उंचावर नेऊन बसवलं ना ते?

माधुरीताई, बी १०४ : हो तेच. अस्वानहून २८० किलोमीटर आहे, पहाटे निघायचं, झोप गेली तरी जायचंच. आणि तुला अजून एक सांगते, अस्वानला एलिफंटाईन बेटावर नाईलोमीटर आहे, नदीत उतरत जाणारा दगडी जिना आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या खुणा. पूर किती आला त्यावरनं पीक किती येणार आणि सारा किती घ्यायचा ते ठरायचं. आपण पावसाळ्यात रात्री-अपरात्री कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघत बसतो, चाळीस फूट झाली, पंचेचाळीस झाली, तेच हे लोक हजारो वर्षांपूर्वी करत होते. माझ्या अंगावर काटा आला तिथं. आपल्या सांगलीच्या माणसानं ते चुकवू नये.

जोशी काकू, ए १०१ : आता मला बघायचंच आहे ते.

संदीप, ए ३०२ : ठरलं मग, दिवाळी. एजंटला आठ रात्रींचं कोटेशन मागतो, बोटीसकट.

माधुरीताई, बी १०४ : रमजान त्या दिवसांत नाही तेही बरं झालं, नाहीतर दुपारी हॉटेलं बंद असतात बऱ्याच ठिकाणी. व्हिसा इथनंच काढून जा. बऱ्याच ठिकाणी तिकिटाला रोख चालत नाही, परदेशात चालणारं कार्ड प्रत्येक घरात एक तरी ठेवा. आणि सगळ्यांनी आज पासपोर्ट काढून तारीख बघा, परतल्यावर सहा महिने तरी शिल्लक पाहिजेत.

कुलकर्णी काका, बी २०३ : आमचा जानेवारीत संपतोय.

माधुरीताई, बी १०४ : मग काका उद्याच रिन्यूला टाका, ऑनलाइन फॉर्म मी भरून देते, संध्याकाळी आधार कार्ड घेऊन या वर.