बेटेलज्यूज : काख की हात?

अक्षरवेल्हाळ :
मृगातल्या तांबूस ताऱ्याचं पाश्चात्त्य नाव बेटेलज्यूज. त्याचा अर्थ कुठे 'काख' दिलेला सापडतो, कुठे 'हात'. मूळ अरबी कोणतं? या ताऱ्याच्या आपल्या 'काक्षी' या नावाचा त्याच्याशी संबंध आहे का?

तारांगण :
हातच. मूळ नाव 'यद अल-जौझा'. यद म्हणजे हात; अल-जौझा ही मृगाच्या जागी अरबांनी कल्पिलेली स्त्री. गडबड ठिपक्यांची आहे. अरबीत शब्दारंभी येणाऱ्या 'य' आणि 'ब' यांचा सांगाडा एकच. खाली दोन ठिपके दिले की य, एक दिला की ब. लॅटिनमध्ये उतरवताना य चा ब वाचला गेला आणि नाव 'बद'ने सुरू झालं. त्याचा अर्थ लागेना, तेव्हा पुढे युरोपातल्या विद्वानांनी मूळ शब्द काखेचा असावा असा तर्क केला (अरबीत काख म्हणजे 'इब्त'). तोच पुस्तकांतून फिरत राहिला. 'काक्षी'त कक्षा, म्हणजे काख, उघड दिसते; हे नाव त्याच चुकीच्या अर्थावरून घडवलेलं वाटतं. मी तरी 'आर्द्रा'च वापरा म्हणेन.

शब्दवेधी :
सहमत. ही नावं दोन वाटांनी आली आहेत, अर्थ लावण्याआधी वाट ओळखावी. काही अस्सल अरबी लोकपरंपरेतली : रोहिणीचं अल्देबरान म्हणजे 'मागून येणारा', कारण रोहिणी कृत्तिकांच्या मागोमाग उगवते. अभिजितचं व्हेगा हे 'अन-नस्र अल-वाकी' (झेपावणारं गिधाड) यातल्या शेवटच्या शब्दाचं रूप, तर श्रवणाचं अल्टेअर 'उडतं गिधाड' यातलं.

दुसरी वाट प्राचीन ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीची. त्याच्या ग्रंथात बहुतेक ताऱ्यांना नाव नाही, आकृतीतली जागा सांगितली आहे. अरबी भाषांतरात ती जागाच नाव झाली. हंसातला डेनेब म्हणजे 'धनब', शेपूट. उत्तरा फाल्गुनीचं डेनेबोला म्हणजे सिंहाची शेपूट. पर्शियन खगोलज्ञ अल-सूफीने इ.स. 964 च्या सुमारास दोन्ही परंपरा एका ग्रंथात जुळवल्या. टॉलेमीचा ग्रंथ जेरार्ड ऑफ क्रेमोनाने स्पेनमधल्या टोलेडोत अरबीतून लॅटिनमध्ये आणला, तो 1175 मध्ये. ग्रंथाचं 'अल्माजेस्ट' हे नावही ग्रीक शब्दाला 'अल' हे अरबी उपपद (इंग्रजी 'द'सारखं) जोडून झालेलं.

अक्षरवेल्हाळ :
मग 'अल'ने सुरू होणारं सगळं अरबी समजायचं?

तारांगण :
नाही, तिथेच फसगत होते. कृत्तिकांतली अल्सायनी ग्रीक आहे. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ तर लॅटिन हस्तलिखितातल्या 'अब इरेओ'चा अपभ्रंश. 'अल'पेक्षा अवयवाचा शब्द शोधा : धनब (शेपूट), रास (डोकं), फम (तोंड). फोमालहौत म्हणजे 'फम अल-हूत', माशाचं तोंड. आपलं 'मीनास्य' अगदी तेच सांगतं.

शब्दवेधी :
ताऱ्यांपलीकडची एक जोडी : झेनिथ (खमध्य) आणि अ‍ॅझिमथ (दिगंश, म्हणजे क्षितिजावर मोजलेला दिशेचा कोन) मुळात एकाच शब्दाची रूपं. सम्त म्हणजे दिशा, वाट. 'सम्त अर-रास', डोक्यावरची दिशा, यातून झेनिथ. 'अस-सुमूत' या अनेकवचनातून अ‍ॅझिमथ. मग झेनिथमधला म गेला कुठे? लॅटिन हस्तलिखितांत एम हे अक्षर तीन उभ्या रेघांचं. एन आणि आय शेजारी लिहिले तरी तीनच रेघा होतात. नकलाकाराने 'सेम्त'चं 'सेनित' वाचलं.